मुकादम थांबलाय

७ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच कचऱ्यात टाकशील म्हणून पत्ता तुझ्या भाऊजींकडून लिहून घेतला. त्यांचं अक्षर तुला माहीतच आहे, शाईत बुडालेली कोंबडी कागदावरून चालत गेल्यासारखं. तरी पोस्टाला वाचता आलं असेल असं धरून चालते.

तुझा पत्ता मावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस. तिने मला फुकट दिलेला नाही, आधी पोटभर सुनावलं. तुझा जुना नंबर लागत नाही आणि मेल केली तर परत येते, तेव्हा कागद-पेनाशिवाय इलाज नव्हता. तू तिकडे डोंगरात वीटभट्ट्यांवरच्या गाढवांचा दवाखाना चालवतेस एवढं मावशीकडून कळलं. तब्येत सांभाळतेस का, ते तिलाही सांगता आलं नाही.

पत्र माझ्याविषयी नाही, मुकादमाविषयी आहे. कुत्र्याच्या मानाने खूप जगला, आता त्याच्या किडन्या थकल्यात. रक्ताचे रिपोर्ट सोबत पाठवत नाही, तू समजायचं ते समजशील. मागचे पाय फरशीवर घसरतात, म्हणून घरभर जुन्या सतरंज्या टाकल्यात. भाऊजी दिवसातून एकदा तरी त्यांत पाय अडकून पडता पडता वाचतात आणि मुकादम ते पडून बघत असतो. बाबांनी नाव अगदी बरोबर ठेवलं होतं. स्वतः काडी उचलायची नाही, पण कोण आलं, कोण गेलं, कुणी काम टाळलं, यावर उंबऱ्यात बसून नजर ठेवायची. अजूनही ठेवतो, आडवा पडून.

घाई काही नाही. खातोय थोडंथोडं. मी रोज कातडीखाली सलाईन देते, मळमळीचं औषध देते. पण तू मनाची तयारी ठेवावीस आणि सवडीने निघावंस म्हणून लिहितेय.

आपलं ठरलेलं तुझ्या लक्षात असेलच. माझ्या एकडोळ्या बोक्याला कायमचं झोपवायची वेळ आली तेव्हा मी भरलेली सिरिंज घेऊन नुसती बसले होते. तू नुकतीच पास झालेलीस, अनुभव काडीचा नाही, आणि माझ्या हातातली सिरिंज काढून घेऊन म्हणालीस, "ताई, तू त्याचं डोकं धर. आज तू डॉक्टर नाहीस, मालकीण आहेस." मग स्टेथोस्कोप लावून "झालं" म्हणालीस आणि आत जाऊन चहा केलास. मी उठायला लागले तर ओरडलीस, की मालकिणीने उठायचं नसतं. पुढे तुझ्या लंगड्या शेळीच्या वेळी मी आले. तुझ्या जनावराला मी, माझ्या जनावराला तू. इंजेक्शन देणारीने चहा करायचा, दुसरीने बसून राहायचं.

ते मी आपल्या पशुवैद्यांच्या संघटनेच्या नियमांच्या पुस्तकातही घातलं, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. 'पशुवैद्याने स्वतःच्या जनावराला दयामरण स्वतःच्या हाताने देऊ नये, सहकाऱ्याला बोलवावे.' समितीतल्या कोंबडीवाल्यांनी विचारलं, "बाई, याला आधार काय?" मी म्हटलं, "अनुभव." आता ते वाक्य कुठकुठल्या भाषांत छापलं गेलंय आणि कोण कोण परके लोक ते वाचून एकमेकांच्या घरी जात असतील. आपल्या स्वयंपाकघरात ठरलेली गोष्ट आहे ती.

बाबांमागे मुकादम माझ्याकडे राहिला, म्हणजे माझा झाला. म्हणजे पाळी तुझी आहे.

तुझी,
ताई


२१ फेब्रुवारी

भिंगरी,

पहिलं पत्र पोचलं असावं. पोस्टाची बाई म्हणाली की डोंगरातली टपाल गाडी हवा बघून निघते. तर मी सध्या हवेला दोष देतेय.

इकडे समितीची बैठक तोंडावर आलीय. देशोदेशीचे पशुवैद्य एका टेबलाभोवती बसले की काय होतं ते तुला सांगायला नको. घोडेवाले आणि गाईवाले एकमेकांशी बोलत नाहीत, मांजरवालीला सगळेच कमी लेखतात, आणि कोंबडीवाले प्रत्येक वाक्यातला एक शब्द काढा म्हणतात. मी सचिव, म्हणून सगळ्यांचा राग माझ्यावर काढायची सोय आहे. चहात साखर कमी पडली तरी सचिवांना विचारतात.

या वेळी एकाच कलमावर घोडं अडलंय. वाचणार नसशील तर पुढचा परिच्छेद सोड. जनावर वाचणार नाही, वेदनेत आहे, आणि मालक वाटेत आहे. मालक येईपर्यंत जनावराला थांबवायचं की नाही?

हे कलम कुठून आलं ते समितीत सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. पुरानंतर संघटनेने पाठवलेल्या मदत पथकात तू होतीस. भिंत कोसळून खेचराचा कणा मोडला होता. मालकाला स्वतःला लागलं होतं, त्याला इस्पितळात नेलं होतं, आणि त्याने निरोप पाठवला होता की मी संध्याकाळपर्यंत येतो, तोवर हात लावू नका. तू थांबली नाहीस. तो आला तेव्हा त्याला नुसता लगाम मिळाला. त्याने तक्रारीत लिहिलं होतं, "मला फक्त त्याच्या मानेवर एकदा हात ठेवायचा होता." ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. पण खेचर कसं ओरडत होतं ते तू मला फोनवर सांगितलं होतंस, तेही जात नाही.

चौकशीच्या दिवशी मी कागद गोळा केले आणि खोलीबाहेर गेले. नात्यातल्या माणसाने बाहेर बसायचं, हा नियम आहे आणि तो चांगला नियम आहे, आजही म्हणते. पाण्याच्या यंत्राशेजारी एक बाक आहे, तिथे बसले. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. दार उघडलं आणि तू बाहेर आलीस. तुला वर्षभरासाठी काढून टाकलं होतं. तू ओरडशील असं वाटलं होतं, तर अगदी हळू म्हणालीस, "ताई, एक शब्द बोलून मग उठली असतीस तर?" मी म्हटलं, "नियम आहे गं." तू म्हणालीस, "हो ना," आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरून गेलीस.

वर्ष कधीच उलटून गेलं. तू सभासदत्व परत मागितलं नाहीस आणि मला फोन केला नाहीस.

असो. मुकादम बरा आहे. म्हणजे, तसा बरा आहे. भांड्यातलं खात नाही, पण माझ्या बोटावरची पेज चाटतो. तोंडाला वास येतो, हिरड्यांवर व्रण आहेत. जनावराचं जगणं कितपत सुसह्य आहे ते ठरवायला आपला संघटनेचा तक्ता आहे ना, भूक, वेदना, चालणं, आनंद असे मार्क द्यायचे, तो मीच तयार केलाय, आणि रोज सकाळी मीच त्याला नापास होऊ घातलेल्या पोरासारखं वर ढकलतेय. काल 'आनंद' या रकान्यात मी त्याला मार्क दिले, कारण माशी बसली तेव्हा त्याने कान हलवला.

लवकर निघ.

ताई


३ मार्च

भिंगरी,

तुझ्या भाऊजींशी माझी बोलाचाल बंद आहे. कारण सांगते, म्हणजे तुला माझा पक्ष तरी कळेल.

कोपऱ्यावर नवा दवाखाना निघालाय, तिथली डॉक्टर परवा घरी आली होती. गुणी मुलगी आहे, आपल्यासारखी तोंडाळ नाही. मुकादमाजवळ मांडी घालून बसली, हिरड्या बघितल्या, कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, तंबूसारखी, अंगात पाणीच नाही. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगाल तेव्हा मी येईन. सकाळी आधी तुमच्याकडे येऊन मग दवाखाना उघडेन."

मी म्हटलं, "माझी बहीण यायची आहे. तीच करेल."

"कधी येतायत?"

"येईल."

ती उठली. चपला घालताना म्हणाली, "मॅडम, रागावू नका. पण दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाला माझी बहीण नाही."

ती गेल्यावर भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. त्यांनी इतक्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नाही, परवाही चढवला नाही. म्हणाले, "हा कुत्रा आहे की आमिष?"

माझ्या हातात वाटी होती, ती मी मोरीत आदळली. त्यांना म्हटलं, तुम्हाला जनावरांतलं काय कळतं, तुम्ही आयुष्यभर विम्याच्या कचेरीत बसलात. ते म्हणाले, "मला जनावरांतलं काही कळत नाही, तुझ्यातलं कळतं." आणि चादरीत घालून मुकादमाला खाली अंगणात घेऊन गेले. आता तो त्यांच्याच हातून बाहेर जातो. माझा हात लागला की डोळे मिटून घेतो, कारण मी येते ती सुई घेऊनच.

तर बोलत नाही मी त्यांच्याशी. आणि तुला खरं सांगते, ते बरोबर बोलले म्हणून बोलत नाही.

तू येशील तर मुकादमासाठी येशील, हे मला माहीत आहे. त्याला गोठ्यातून उचलून आणलंस तूच, बाबांच्या सदऱ्यात गुंडाळून. मी मेले तर मावशी तुला कळवेल आणि तू जमेल तेव्हा येशील. पण मुकादमासाठी तू मिळेल त्या गाडीने येशील. आणि आलीस की दार मी उघडीन. मग तू माझ्याकडे न बघता आत जाशील, बॅग उघडशील, सिरिंज भरशील, मी त्याचं डोकं धरीन, तू "झालं" म्हणशील. मग चहाला आत जाशील आणि मला ओरडशील की उठू नकोस. माझ्यावर तू ओरडावंस, एवढंच हवंय गं मला. त्यासाठी मी त्याला धरून ठेवलंय. रोज सकाळी दारावरची घंटा वाजली की मी आधी त्याच्याकडे बघते, श्वास चालू आहे ना, आणि मग दार उघडते. आतापर्यंत दूधवालाच आलाय.

हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. तरी लिहितेय, कारण लाज वाटूनही आज मी त्याला पुन्हा सलाईन लावली.

ये ना.

ताई


९ मार्च

भिंगरी,

तुझा निरोप मिळाला. भाऊजींच्या फोनवर पाठवलास, माझ्या नाही, ते ठीकच आहे. त्यांनी तो मला जसाच्या तसा पुढे पाठवला. मी तेव्हा बैठकीत होते.

आधी बैठकीचं सांगते, नाहीतर पुढचं नीट सांगता येणार नाही. कलम वाचून झालं होतं. घोडेवाले म्हणत होते, मालकाचाही जीव असतो, वाजवी वेळ थांबावं. कोंबडीवाले म्हणाले, "वाजवी कुणाला वाजवी? मालकाला की जनावराला?" मांजरवाली म्हणाली, मालकाने निरोप दिला असेल तर थांबायलाच हवं, नाहीतर लोक आपल्यावर विश्वास कसा ठेवतील. अध्यक्ष चष्मा पुसत होते. ते चष्मा पुसायला लागले की समजायचं, विषय पुढच्या बैठकीवर जाणार. मी इतिवृत्त लिहीत होते आणि फोन टेबलावर थरथरला.

'ताईला सांगा. माझ्यासाठी थांबवू नका त्याला.'

एवढंच. म्हणजे पत्रं पोचली होती. म्हणजे तू ती फोडली होतीस. आणि खेचराच्या वेळी जे केलंस तेच पुन्हा केलंस, मालकिणीचं काही ऐकून न घेता जनावराकडे बघितलंस. तू तसूभर बदललेली नाहीस.

मी उठले. कागद गोळा केले. सगळ्यांना वाटलं असेल, सचिवांना बरं वाटत नाहीये. दाराशी गेले आणि तिथे थांबले, आणि म्हटलं, "हे कलम ज्या खेचरावरून आलं, त्याला माझ्या बहिणीने सोडवलं होतं. तिच्या चौकशीच्या दिवशी मी बाहेर बसले होते, त्यामुळे बोलले नव्हते. माझ्या घरी एक कुत्रा आहे. त्याला मी ती येईपर्यंत थांबवून ठेवलंय, आणि थांबवणं म्हणजे काय ते आता मला माहीत आहे. ती बरोबर होती."

अध्यक्षांनी घसा साफ करून विचारलं, "हे इतिवृत्तात घ्यायचं का?"

मी म्हटलं, "घ्या." मग लक्षात आलं, इतिवृत्त लिहिणारी मीच.

कोंबडीवाल्यांनी माझं पेन ओढून घेतलं. म्हणाले, "मी लिहितो. तुम्ही घरी जा बाई, इथे काय करताय?"

घरी आले तेव्हा भाऊजींनी मुकादमाला बाबांच्या खुर्चीजवळ आणून ठेवलं होतं, खिडकीतून ऊन येतं तिथे. कोपऱ्यावरच्या मुलीला फोन केला असता तर ती आली असती. पुस्तकात मीच लिहिलंय, सहकाऱ्याला बोलवावे. पण मला आणखी कुणाची वाट बघवेना. आणि मला बाहेर बसायचं नव्हतं.

आता जे सांगायचंय ते तुलाच सांगू शकते. मला शीर मिळाली नाही. इतके दिवस खेचल्यावर अंगात काही उरलंच नव्हतं, पुढच्या पायाची शीर दोऱ्यासारखी झाली होती. पहिली सुई बाजूला गेली. तो कण्हला आणि मान वळवून त्याने माझ्या हाताकडे बघितलं. ओरडला नाही, चावला नाही, नुसतं बघितलं, काम नीट चाललंय का ते बघावं तसं. पंधरवडा आधी केलं असतं तर एका टोचणीत झालं असतं. त्याला मी दोनदा टोचलं, भिंगरी. माझ्या हाताने, माझ्या हौसेपायी. दुसऱ्या पायाला शीर मिळाली. डोकं भाऊजींनी धरलं होतं. ते त्याला बाबांसारखं "काय मुकादम, झाली का हजेरी" असं म्हणत होते, आणि त्याने शेपटीचं टोक एकदा हलवलं. मग हलवलं नाही.

मी स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ लावून बसले. मग भाऊजींकडे बघून दवाखान्यातल्या आवाजात म्हटलं, "झालं. तुम्ही त्याच्यासाठी सगळं केलंत." आपण सगळ्यांना सांगतो ते वाक्य. भाऊजी माझ्याकडे बघतच राहिले आणि मला रडू फुटलं. सिरिंज हातात तशीच होती.

नंतर प्रश्न पडला की चहा कुणी करायचा. इंजेक्शन देणारी मी, आणि मालकीणही मी. उठावं तर मालकिणीने उठायचं नसतं, बसावं तर चहा होत नाही. मी तशीच त्याच्या पाठीवर हात ठेवून फरशीवर बसून राहिले. शेवटी भाऊजींनी केला. साखर विसरले. तो दोघांनी तसाच प्यायला, आमची बोलाचाल त्यावरच सुरू झाली.

अंगणात चिंचेखाली पुरलाय, बाबांच्या सदऱ्यात. सदरा तोच आहे, ज्यात तू त्याला गुंडाळून आणलं होतंस तो. मी तो इतकी वर्षं का ठेवला होता मला माहीत नाही. सतरंज्या अजून घरभर तशाच आहेत, भाऊजी उचलू देत नाहीत. आज सकाळी पुन्हा एकीत पाय अडकला त्यांचा, आणि त्यांनी सवयीने उंबऱ्याकडे बघितलं.

कलमाचं काय झालं ते कोंबडीवाल्यांनी फोन करून सांगितलं. 'मालकाची वाट बघण्यासाठी जनावराच्या वेदना लांबवू नयेत.' त्यातला 'शक्यतो' त्यांनी स्वतः काढला म्हणे. घोडेवाल्यांनी त्याखाली एक ओळ घालायला लावली, की मालक उशिरा पोचला तर त्याच्याजवळ कुणीतरी बसावं, त्याला एकटं सोडू नये. ते मला पटलं. त्या खेचरवाल्याजवळ तेव्हा कुणी बसलं नव्हतं, ना तू, ना आम्ही. सगळ्या भाषांत छापून आलं की एक प्रत तुला पाठवते. तुझं नाव कुठे नाही त्यात, नावं घालत नाहीत.

तू आली नाहीस म्हणून मी रागावलेली नाही. आली असतीस तर मी कदाचित मुकादमाकडे बघितलंही नसतं.

आता घरात एकही जनावर नाही. भाऊजींना दुसरं आणायचं नाही, मलाही नाही. म्हणजे तुला बोलवायला माझ्याकडे कारण उरलेलं नाही. आपलं ठरलेलंही संपलं.

तर काही कारण नसताना ये. मुकादम तुझाही होता, आणि तुझ्याजवळ तिकडे कुणी बसलेलं नाही. चहा मी करीन. तू उठू नकोस.

ताई